विधवा पेन्शन घेतली तर रेशन बंद होतं का?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. वडील आठ महिन्यांपूर्वी वारले, वय ५१. घरी आई, वय ४६, आणि आजी, वय ७१. आई द्राक्षबागेत आणि बेदाण्याच्या शेडवर मजुरीला जाते. वीस गुंठे जिरायत आहे. भाऊ पुण्यात खोली घेऊन राहतो, कंपनीत महिना १४ हजार मिळतात, लग्न व्हायचंय. रेशनकार्ड केशरी, त्यावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का, नावं चार: आजी, वडील, आई, भाऊ. आईच्या खात्यावर लाडकी बहीणचे दीड हजार येतात. गावात सांगतात की निराधारची पेन्शन सुरू झाली की धान्य बंद होतं. तालुक्याच्या ठिकाणचा एजंट म्हणतो, आधी कार्ड फोडा (म्हणजे एका कार्डाची वेगळी कार्डं करा), पिवळं करून घ्या, मग सगळ्या योजना बसतात. त्याचे पाच हजार द्या. ताई स्वतः पाच महिन्यांच्या गरोदर आहेत. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून नाव कमी झालं, सासरच्या कार्डात अजून चढलेलं नाही.

मी सांगली जिल्ह्यात महसूल खात्यात ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली अकरा पुरवठा शाखेत, म्हणजे रेशनच्या कामात, आणि सात संजय गांधी योजनेच्या, म्हणजे विधवांना मिळणाऱ्या निराधारच्या पेन्शनच्या टेबलावर. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

पहिलं उत्तर सरळ देतो. पेन्शन घेतली म्हणून रेशन बंद होत नाही. निराधारच्या किंवा श्रावणबाळच्या (म्हाताऱ्यांच्या पेन्शनच्या) लाभार्थ्याचं नाव धान्याच्या यादीतून काढा, असा नियम अन्नसुरक्षा कायद्यात नाही. मग ही भीती आली कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे ती ‘अन्नपूर्णा’ योजनेतून आली. केंद्राने २००० साली ही योजना काढली. जे म्हातारे पेन्शनला पात्र आहेत पण ज्यांना पेन्शन मिळत नाही, त्यांना महिन्याला दहा किलो धान्य फुकट. योजनेचा पायाच ‘पेन्शन नाही म्हणून धान्य’ असा होता, त्यामुळे पेन्शन सुरू झाली की ते दहा किलो थांबत. ते त्या योजनेपुरतं बरोबर होतं. पण गावाने त्यातून एवढंच लक्षात ठेवलं की पेन्शन घेतली की धान्य जातं. जतच्या बाजूला एका आजींनी या भीतीने चार वर्षं श्रावणबाळचा अर्ज दिला नव्हता. त्यांच्याकडे अन्नपूर्णाचं कार्ड नव्हतंच, साधं प्राधान्यचं होतं. चार वर्षांची पेन्शन गेली ती गेली, मागची काही मिळत नाही. त्यांचा चेहरा आठवला की आजही मला वाईट वाटतं, कारण त्या दर महिन्याला आमच्याच कार्यालयासमोरून रेशन दुकानात जात होत्या आणि आमच्यापैकी कुणी त्यांना थांबवून सांगितलं नाही.

खरी गाठ आहे ती दुसरीकडे, पेन्शन आणि लाडकी बहीण यांच्यात. जून २०२४ च्या शासन निर्णयात स्पष्ट लिहिलंय की जी महिला सरकारच्या दुसऱ्या आर्थिक योजनेतून महिना दीड हजार किंवा जास्त घेते, ती लाडकी बहीणला अपात्र. संजय गांधी निराधारचेही दीड हजारच आहेत. म्हणजे तुमच्या आईला दोन्ही घेता येणार नाहीत, आणि एक सोडून दुसरं घेण्यात आज एक रुपयाचाही फायदा नाही. उलट कागद वाढतील. लाडकी बहीणला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, आणि पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच मागत नाहीत. निराधारला मर्यादा वर्षाला २१ हजार. दाखला काढायला गेलात की तलाठी पहिला प्रश्न विचारणार, मुलगा काय करतो? (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गाव अजून तलाठीच म्हणतं.) म्हणून आईंच्या बाबतीत माझा सल्ला असा की जे चालू आहे ते चालू ठेवा. फक्त केवायसी, आधार आणि बँक खातं नीट जोडलेलं ठेवा.

या २१ हजारांच्या आकड्याबद्दल मनातलं बोलतो. रोजगार हमीची महाराष्ट्रातली २०२५-२६ ची मजुरी रोज ३१२ रुपये होती. एका माणसाने वर्षात ६८ दिवस काम केलं की २१ हजार ओलांडले. धान्याच्या प्राधान्य यादीची ग्रामीण मर्यादा ४४ हजार आहे, शहरी ५९ हजार. ४४ हजारांना त्याच मजुरीने १४१ दिवस पुरतात, तेही घरातल्या सगळ्यांचे मिळून. हे आकडे दहा वर्षांपेक्षा जुने आहेत आणि मजुरी, किराणा, औषधं सगळं पुढे गेलंय. मग तलाठ्याकडे माणूस खरं सांगावं की पात्र ठरावं या पेचात पडतो. मी कितीतरी विधवांना त्या खुर्चीसमोर खाली मान घालून उभं राहिलेलं पाहिलंय. खोटं बोलायची त्यांची इच्छा नसते, मर्यादाच त्यांना खोटं बोलायला लावते. ती वाढली पाहिजे, हे मी नोकरीत असतानाही बैठकांमध्ये बोललो आहे.

आता पिवळ्या कार्डाचं. इथे बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कार्डाचा रंग, कार्डावरचा शिक्का आणि दारिद्र्यरेषेची यादी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग आला १ मे १९९९ पासून. पिवळं म्हणजे १९९७-९८ च्या पाहणीतलं, वार्षिक उत्पन्न १५ हजारांच्या आतलं घर. केशरी म्हणजे १५ हजारांच्या वर आणि एक लाखापर्यंत. त्याच्या वर पांढरं. चारचाकी असेल किंवा कुटुंबाची मिळून चार हेक्टर बागायत असेल तरीही पांढरं. शिक्का आला अन्नसुरक्षा कायद्याबरोबर, राज्यात फेब्रुवारी २०१४ पासून: ‘अंत्योदय’ किंवा ‘प्राधान्य कुटुंब’. आजचं धान्य शिक्क्यावर मिळतं, रंगावर नाही. केशरी कार्डावर प्राधान्यचा शिक्का असेल तर माणशी पाच किलो. पिवळ्यावर तोच शिक्का असेल तरी माणशी पाचच किलो. १ जानेवारी २०२३ पासून दोघांनाही ते फुकट आहे. म्हणजे पाच हजार देऊन पिवळं केलंत तर धान्यात दाणाभरही वाढ होणार नाही.

तिसरी गोष्ट यादी. ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेची जी यादी पेन्शनला आणि कुटुंब लाभाला लागते ती २००२ च्या पाहणीची. तेरा निकष होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२ पैकी. त्या यादीतला तुमचा क्रमांक आणि कार्डाचा रंग यांचा संबंध असेलच असं नाही. केशरी कार्डवाल्याचं नाव यादीत असतं आणि पिवळ्या कार्डवाल्याचं नसतं, असं मी शेकड्यांनी पाहिलंय. आणि दवाखान्याच्या आयुष्मान कार्डाला आणखी वेगळी, २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीची यादी. गावात या सगळ्याला मिळून ‘बीपीएल’ एवढा एकच शब्द वापरतात आणि तिथेच गोंधळ होतो.

म्हणून ताई, एजंटाकडे जाण्याआधी ग्रामपंचायतीत जा आणि ग्रामसेवकांकडून २००२ च्या यादीत आजोबांच्या, वडिलांच्या, आजीच्या नावाने कुटुंब आहे का ते बघा. त्या वेळी कुटुंबप्रमुख कोण होतं त्या नावाने नोंद असते, म्हणून तिन्ही नावं बघायची. नाव निघालं तर दोन दारं उघडतात.

एक, राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. यादीतल्या कुटुंबातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर घराला एकरकमी २० हजार रुपये. तुमचे वडील ५१ व्या वर्षी गेले. आठ महिने झाले आणि तुमच्या प्रश्नात या योजनेचा उल्लेख नाही, म्हणजे तुम्हाला कुणी सांगितलंच नसावं. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी शाखेतच. मृत्यूचा दाखला, यादीचा दाखला, वयाचा पुरावा, आईचं बँक पासबुक. आधीच उशीर झालाय, आता एक आठवडाही घालवू नका. ही रक्कम एकदाच मिळते, त्यामुळे आईंच्या दर महिन्याच्या दीड हजाराच्या नियमात ती अडकत नाही.

दोन, आजीची पेन्शन. आजी ७१ वर्षांच्या आहेत. लाडकी बहीण ६५ पर्यंतच, त्यामुळे तो प्रश्न त्यांच्यापुरता नाही. श्रावणबाळ योजना ६५ च्या पुढच्यांसाठी. कुटुंब यादीत असेल तर ‘गट अ’: केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शन आणि राज्याची भर मिळून दीड हजार, आणि उत्पन्नाच्या दाखल्याची अडचण येत नाही. यादीत नसेल तर ‘गट ब’: तिथे पुन्हा २१ हजारांचा दाखला. आईची मजुरी धरली की तो आकडा सहज पार होतो, म्हणून यादीचं महत्त्व मी एवढं सांगतोय. एका घरात सून लाडकी बहीण घेते म्हणून सासूचा श्रावणबाळ अर्ज अडवता येत नाही. असं तोंडी सांगून परत पाठवलं तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि कारण लेखी मागा.

आता कार्ड फोडण्याचा मुद्दा. इथे एजंटाचा सल्ला अर्धा बरोबर आहे, पण कारण चुकीचं आहे.

रेशनमध्ये कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. भाऊ पुण्यात स्वतः रांधून किंवा मेसमध्ये जेवतो, त्याची चूल वेगळी झाली. त्याचे १४ हजार महिना म्हणजे वर्षाला १ लाख ६८ हजार. तो तुमच्या आईच्या कार्डावर राहिला तर ४४ हजारांची मर्यादा तर ओलांडलीच, केशरीची एक लाखाचीही ओलांडली. आज कुणी विचारत नाही म्हणून ते चालून जातंय. अपात्र कार्डांची तपासणी लागली की एका नावामुळे आई आणि आजी दोघींचं धान्य जाऊ शकतं. तेव्हा भावाने आपलं नाव तिथून कमी करून घ्यावं आणि नाव कमी केल्याचा दाखला घेऊन पुण्यात स्वतःचं कार्ड काढावं. ते पांढरं आलं तरी हरकत नाही. दवाखान्यातल्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता पांढरं कार्डही बसतं.

पण आई आणि आजी यांची कार्डं वेगळी करू नका. एजंट ‘फोडा’ म्हणतो त्याचा रोख तिकडेच असणार. फोडलं की जुन्या कार्डाचा शिक्का जुन्याच कार्डावर राहतो. नव्या कार्डाला तो आपोआप मिळत नाही, कारण आडवा येतो इष्टांक. हा शब्द पुरवठा शाखेत रोज ऐकू येतो, बाहेर कुणाला माहीत नसतो. २०११ च्या जनगणनेवर महाराष्ट्राला ७ कोटी १६ हजार माणसांचा कोटा ठरवून दिला. ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के, शहरी ४५.३४ टक्के. तो जिल्ह्यांना, तालुक्यांना वाटला. तालुक्याचा इष्टांक भरलेला असेल तर तुम्ही ४४ हजारांच्या आत असूनही शिक्का मिळत नाही, ‘नोंद करून ठेवतो’ असं उत्तर मिळतं. पेन्शनला पात्रता पुरते, धान्याला पात्रता असून वर जागाही लागते. तीसपेक्षा जास्त वर्षांत मला सगळ्यात अन्यायाची वाटलेली गोष्ट हीच आहे. म्हणून आहे तो शिक्का हातचा सोडू नका.

याला जोडून एक शक्यता सांगतो, खात्री देत नाही. भाऊ आणि वडील कमी झाल्यावर कार्डावर दोघीच राहतील, म्हणजे महिन्याला दहा किलो. अंत्योदय कार्डाला घर केवढंही असो, ३५ किलो मिळतात. सात माणसांपर्यंत अंत्योदय कधीच तोट्याचं नाही. आठवं माणूस आलं की प्राधान्य जास्त पडतं. दोघी बायकांच्या घराला तर फरक साडेतीन पटीचा. अंत्योदयच्या निकषांत विधवा कुटुंबप्रमुख आणि आधार नसलेले साठीच्या पुढचे वृद्ध ही दोन्ही कलमं आहेत. तिथेही इष्टांक आहेच, पण अंत्योदयची कार्डं वारसाअभावी बंद होतात, तेव्हा जागा निघतात. तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज, दोघींची वयं, वडिलांचा मृत्यू दाखला, वीस गुंठ्यांचा सातबारा. अर्ज आजच दिलेला असेल तर जागा निघाल्यावर तुमचा विचार होतो. नंतर दिलेल्या अर्जाला पुढची रांग.

वडिलांचं नाव मात्र ताबडतोब कमी करा. हे सांगताना लोकांना जड जातं, आईंनाही जाईल. कार्डावरचं नाव खोडणं म्हणजे माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं. पण आता प्रत्येक नावाची ई-केवायसी होते, अंगठा न लागलेलं नाव शोधात येतंच, आणि त्यांच्या नावाने उचललेलं धान्य उद्या वसुलीला लागू शकतं. नाव कमी करताना कुटुंबप्रमुखही बदलून घ्या. कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्री कार्डाची प्रमुख असते, म्हणजे तुमच्या आजी.

दवाखान्यासाठी कुटुंब कोणतं? कार्डावर नावं असलेलं. महात्मा फुले योजनेत आता वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. माणूस आजारी पडल्यावर मिरजेला-सांगलीला धावपळ होते आणि तिथे आरोग्यमित्र (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर मागतो. हातातल्या कार्डावर नाव आहे पण ऑनलाइन नाही, किंवा आधारवर एक स्पेलिंग आणि कार्डावर दुसरं, यात दिवस जातो. आजी ठणठणीत असतानाच रेशन दुकानदाराकडून पॉस मशीनवर (धान्य घेताना अंगठा लावतात त्या यंत्रावर) दोघींची नावं आणि स्पेलिंग बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

तुम्ही विचारलेलं नाही, पण भावाने कुठेतरी वाचून तुम्हाला सांगितलेलं दिसतं, की केशरी कार्डावरच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी पैसे मिळतात. ती योजना मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांची आहे. सांगली, सातारा त्यात नाहीत. त्या नावाने कुणी फॉर्मचे पैसे मागितले तर देऊ नका.

आता तुमचं स्वतःचं, ताई. दोन्ही कार्डांच्या मध्ये अडकलेल्या सुना हा आपल्या भागातला जुना प्रश्न आहे. माहेरून नाव कमी केल्याचा दाखला तुमच्याकडे असेल तर तो आणि विवाह नोंदणी, आधार जोडून सासरच्या कार्डात नाव चढवायचा अर्ज आजच द्या. सासरच्या कार्डाला प्राधान्य शिक्का असला तरी तुमचं पाच किलो लगेच सुरू होईल असं नाही, तिथेही इष्टांकात बसवावं लागतं. पण नाव चढणं महत्त्वाचं, कारण दवाखान्याला आणि उद्या बाळाचं नाव लावायला तेच कार्ड लागणार.

नाव चढेपर्यंत मात्र थांबायचं कारण नाही. अंगणवाडीतला आहार गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने मिळतो, तो अन्नसुरक्षा कायद्यातलाच हक्क आहे आणि त्याला रेशनकार्ड लागत नाही. अंगणवाडी ताईंकडे फक्त नोंदणी करायची. त्याच नोंदणीवर मातृवंदना योजना चालते. पहिल्या बाळंतपणाला दोन हप्त्यांत पाच हजार. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर सहा हजार. तिथे पात्रतेसाठी अन्नसुरक्षेचं कार्ड हा अनेक पुराव्यांपैकी फक्त एक आहे. ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, पीएम किसानचा लाभ, आयुष्मान कार्ड, किंवा आठ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, यातलं काहीही एक चालतं. रेशनकार्डात नाव नाही म्हणून कुणी फॉर्म परत केला तर यातला दुसरा कागद पुढे करा.

कामाची रांग मी अशी लावली असती. या आठवड्यात ग्रामपंचायतीत यादी बघणं आणि अंगणवाडीत तुमची नोंदणी. मग एकाच फेरीत तहसीलला: संजय गांधी शाखेत कुटुंब लाभ आणि आजींचा श्रावणबाळ, पुरवठा शाखेत वडिलांचं आणि भावाचं नाव कमी करणं, कुटुंबप्रमुख बदलणं आणि अंत्योदयचा अर्ज. मृत्यू दाखल्याच्या सहा छायाप्रती न्या, प्रत्येक टेबल वेगळी मागतं. पाचही अर्जांच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. आईंची मजुरी बुडेल अशा चार फेऱ्या करू नका; अर्जांवर सह्या घरीच घ्या आणि तुम्ही किंवा भाऊ जा, आईंना प्रत्यक्ष बोलावलं तरच न्या. रेशनकार्डाच्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात, त्यामुळे अर्जाला मुदत असते आणि ती टळली तर अपील करता येतं. धान्यच अडलं तर १९६७ वर फोन, आणि लेखी तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे, अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १५ चा उल्लेख करून.

एजंटाला आगाऊ दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर त्याच्याकडून आधी वडिलांच्या मृत्यू दाखल्याची मूळ प्रत परत घ्या.